सुटींतला धंदा आणि दारचा विद्यार्थी

विद्यार्थी दारीं आला म्हणजे त्याला रिकाम्या हातीं परत पाठवूं नये, हा संस्कार आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. माधुकरी मागून किंवा वार लावून शिकलेल्या मुलांच्या कथा महाराष्ट्रांत कोणी ऐकल्या नाहींत? परंतु विद्यार्थ्याविषयीं वाटणारा हा कळवळा केवळ आपल्याच देशांत आहे असें नाहीं. अमेरिकेंत त्याच कळवळ्याच्या आधारावर एक व्यापार उभा राहिला आणि तो दीडशें वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे. उन्हाळ्याच्या सुटीपुरते कॉलेजांतील तरुण गोळा करावयाचे, त्यांना थोडे दिवस विक्रीचे धडे द्यावयाचे आणि मालाचे नमुने हातीं देऊन परक्या गांवीं दारोदार पाठवावयाचें, असा तो प्रघात आहे. तो कसा निर्माण झाला आणि त्यांत कोणाच्या पदरीं काय पडतें, हें आज आपणांस पाहावयाचें आहे.

एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेची वस्ती पश्चिमेकडे पसरत चालली होती. पुस्तकांचीं दुकानें मोठ्या शहरांत, आणि वाचक मात्र दूरदूरच्या शेतांवर, अशी स्थिति होती. वाचक पुस्तकाकडे येऊं शकत नव्हता, तेव्हां पुस्तकानेंच वाचकाकडे जाणें भाग पडलें. १८२५ सालीं स्थापन झालेल्या ‘अमेरिकन ट्रॅक्ट सोसायटी’ या धार्मिक संस्थेनें १८४१ पासून आपले फिरते ग्रंथविक्रेते खेड्यापाड्यांतून पाठविण्यास आरंभ केला. धर्मशास्त्राचे विद्यार्थीही सुटीच्या दिवसांत या कामावर जात. या संस्थेच्या फिरत्या विक्रेत्यांस ठराविक वेतन मिळत असे, ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा संबंध येणार आहे.

धर्मप्रसारकांची ही वाट लवकरच व्यापाऱ्यांनीं उचलली. विक्रेत्याच्या हातीं एक नमुना-पुस्तक देत. त्यांत मूळ ग्रंथांतील कांहीं निवडक पानें, चित्रें आणि निरनिराळ्या बांधणीचे तुकडे असत, आणि शेवटीं आंखलेलीं कोरीं पानें असत. त्या पानांवर गिऱ्हाइकानें आपलें नांव लिहावयाचें. गांवांतील प्रतिष्ठित गृहस्थाची सही प्रथम घ्यावी, म्हणजे तिच्या मागोमाग इतरांच्या सह्या येतात, हें या धंद्यांतलें जुनें शहाणपण होतें. मार्क ट्वेन यांचा ‘इनोसंट्स अब्रॉड’ हा प्रवासग्रंथ १८६९ सालीं याच मार्गानें घरोघर गेला आणि पहिल्या वर्षांत त्याच्या सुमारें ७०,००० प्रती खपल्या. १८८५ सालीं जनरल ग्रँट यांचीं आत्मचरित्रपर स्मरणें याच ट्वेन यांच्या प्रकाशनसंस्थेनें सुमारें १०,००० विक्रेत्यांच्या हस्तें विकलीं. त्या विक्रेत्यांत यादवी युद्धांत लढलेले पुष्कळ जुने शिपाई होते. सेनापतीचें पुस्तक त्याच्याच शिपायानें दारीं आणल्यावर ‘नको’ म्हणण्यास कोणाची जीभ उचलणार? १८८६ च्या फेब्रुवारींत ग्रँट यांच्या विधवा पत्नीस पहिलाच चेक २,००,००० डॉलरांचा मिळाला. माल कोणता, याच्या इतकेंच तो घेऊन येणारा कोण, यालाही महत्त्व आहे, ही गोष्ट प्रकाशकांनीं पुरती ओळखली होती.

विद्यार्थ्यांच्या बाबतींत ती आधींच ओळखली गेली होती. टेनेसी संस्थानांतील नॅशव्हिल शहरीं जेम्स रॉबिन्सन ग्रेव्ह्ज या बाप्टिस्ट धर्मोपदेशकानें १८५५ सालीं ‘साउथवेस्टर्न’ नांवाची प्रकाशनसंस्था काढली होती. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धांत दक्षिणेची धूळधाण उडाली. युद्धानंतर, १८६८ सालीं, या संस्थेनें कॉलेजांतील तरुणांस उन्हाळ्यांत बायबल विकण्याच्या कामीं लावण्यास सुरुवात केली. ती संस्था आजही विद्यार्थ्यांमार्फतच शैक्षणिक पुस्तकें विकते. विद्यार्थी या कामास सर्वथा योग्य होता. त्याला सुटीचे महिने मोकळे होते, बोलण्याचा सराव होता आणि फीसाठीं पैशांची निकड होती. शिवाय दार उघडणाऱ्या गृहिणीला त्याच्यांत आपला मुलगा दिसे. या शेवटच्या गोष्टीस कंपनीला कांहींच दाम मोजावें लागत नव्हतें.

आतां हिशेबाकडे वळूं. फिरत्या विक्रेत्यास पुढें वेतन राहिलें नाहीं. तो स्वतंत्र व्यापारी ठरला. पुस्तकें त्यानें सुटीच्या दरानें स्वतः विकत घ्यावयाचीं आणि पूर्ण किंमतीस विकावयाचीं, ही पद्धति रूढ झाली. केवळ उदाहरणादाखल असें धरूं कीं, पुस्तकाची किंमत ३ डॉलर आहे आणि विक्रेत्यास शेंकडा ४० सूट आहे. १०० जणांनीं सह्या केल्या. विद्यार्थ्यानें १८० डॉलर भरून १०० पुस्तकें मागविलीं. सर्वांनीं पैसे दिले तर त्याला १२० डॉलर उरतील. पण सुटीच्या अखेरीस पुस्तकें पोंचवितांना २५ घरांतून ‘आतां नको’ असें उत्तर आलें, आणि उरलेला माल परत घेण्यास कंपनी बांधलेली नसली, तर हातीं २२५ डॉलर येतात आणि नफा केवळ ४५ डॉलरांचा राहतो. प्रवास, खोलीचें भाडें आणि तीन महिन्यांचें जेवण यांतूनच भागवावयाचें. गिऱ्हाइकांत चौथा हिस्सा घट झाली, पण मिळकत निम्म्याहूनही खालीं गेली. कंपनीला मात्र तिचे १८० डॉलर पोंचलेलेच असतात.

माल बदलत गेला, तरी ही चौकट टिकून राहिली. कॅन्सस संस्थानांतील ओटावा गांवीं एल्मर आणि बर्ट अंडरवुड या बंधूंनीं १८८० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत दुहेरी छायाचित्रांचा धंदा काढला. दोन चित्रें एका यंत्रांतून पाहिलीं असतां दृश्य खोल आणि जिवंत भासे. हीं चित्रें खपविण्यासाठीं त्यांनीं कॉलेजांतील तरुणांची फौजच उभारली. जेम्स रिकल्टन या शाळामास्तरानें काढलेल्या हिंदुस्थानच्या १०० दृश्यांचा संच याच कंपनीनें १९०७ च्या सुमारास विक्रीस काढला. त्यांत आपल्या मुंबईचींही दृश्यें होतीं. अमेरिकन शेतकऱ्याच्या बैठकींत मुंबई प्रथम पोंचली ती कित्येकदां अशा फी जमविणाऱ्या मुलाच्या पेटींतून.

१९०१ नंतर अॅल्युमिनियमच्या भांड्यांची पाळी आली. हा धातु नवा. त्यांत रांधलेलें अन्न कसें लागेल, याची गृहिणींना शंका. तेव्हां ‘वेअर-एव्हर’ भांडीं घेऊन विद्यार्थी घरोघर जाऊं लागले आणि प्रत्यक्ष स्वयंपाक करून दाखवूं लागले. त्याच अॅल्युमिनियम कंपनीच्या भागीदारींतून १९४९ सालीं सुऱ्यांचा एक कारखाना निघाला. ‘कटको’ या नांवाच्या त्याच्या सुऱ्या १९८१ पासून ‘व्हेक्टर’ या विक्रीसंस्थेमार्फत मुख्यतः विद्यार्थीच विकीत आले आहेत.

परंतु माझ्या मतें या धंद्यांतील खरी कलाकुसर दारावरच्या विक्रींत नाहीं. ती विद्यार्थी मिळविण्यांत आहे. भरतीसाठीं बहुधा गेल्या उन्हाळ्यांत यशस्वी झालेला विद्यार्थीच येतो. तो मोकळेपणानें बोलतो, आपली कमाई सांगतो, स्वावलंबनाचें महत्त्व पटवितो. त्यानें आणलेल्या मुलांच्या विक्रीवर त्यालाही लाभ असतो, ही गोष्ट त्याच्या बोलण्यांत तितक्या ठळकपणें येत नाहीं. मुलाच्या शंका आणि वडिलांच्या हरकती यांचीं उत्तरें आधींच तयार असतात. म्हणजे पुढें विद्यार्थ्यानें जें गृहिणीवर करावयाचें, तें प्रथम त्याच्यावर झालेलें असतें. या व्यापाराचें पहिलें गिऱ्हाईक विद्यार्थी हाच होय. मग त्याला घरापासून दूरच्या मुलखांत धाडतात. तेथें ओळखीचें कोणी नसतें, आणि कंटाळून घरीं परतणेंही सोपें नसतें.

कायद्यानें या बाबतींत कोणाची बाजू घेतली, हें पाहण्यासारखें आहे. वायोमिंग संस्थानांतील ग्रीन रिव्हर हें रेल्वे कामगारांचें गांव. रात्रपाळी करून दिवसा झोंपणाऱ्यांस विक्रेत्यांचा उपद्रव होई. तेव्हां १९३१ सालीं तेथें नियम झाला कीं, घरमालकानें बोलाविल्यावांचून कोणी विक्रीसाठीं दार ठोठावूं नये. इतर गांवांनीं तो उचलला, आणि १९५१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तसाच एक नियम वैध ठरविला. १९७४ पासून दारावर केलेली खरेदी तीन कामाच्या दिवसांत रद्द करण्याचा हक्क गिऱ्हाइकास मिळाला. गृहस्थाचें असें रक्षण झालें. विक्रेत्याचें काय? १९३८ च्या मजुरी-कायद्यानें किमान वेतन बांधून दिलें, पण बाहेर फिरून विक्री करणारास त्यांतून वगळलें. दाराच्या आंतला सुरक्षित झाला. बाहेर उन्हांत उभा असलेला मुलगा होता तेथेंच राहिला.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. अनोळखी माणसाशीं बोलणें, नकार पचविणें, पैन् पैचा हिशेब ठेवणें, हें शिक्षण वर्गांत मिळत नाहीं. टेक्सासमधील कॉलेजांत शिकत असतां बायबल विकणारे स्पेन्सर हेज पुढें त्याच ‘साउथवेस्टर्न’ कंपनीचे प्रमुख झाले, आणि आपला बहुमोल चित्रसंग्रह पॅरिसच्या ओर्से संग्रहालयास देण्याचें त्यांनीं व त्यांच्या पत्नीनें २०१६ सालीं जाहीर केलें. अशीं उदाहरणें खरीं आहेत. परंतु भरतीच्या सभेंत हींच तेवढीं सांगितलीं जातात. जुलै महिन्यांतच कर्ज करून घरीं परतलेला मुलगा त्या सभेंत बोलावयास येत नसतो.

आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापन करून ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला. तेथेंही विद्यार्थ्यानें घाम गाळावयाचा असे. पण पीक बुडालें म्हणून त्याच्या ताटांतली भाकरी काढून घेतली जात नसे. ती जबाबदारी संस्थेची होती. कष्ट दोन्हीकडे आहेत आणि स्वावलंबनाची भाषाही दोन्हीकडे आहे. भेद आहे तो नुकसान कोणी सोसावयाचें, एवढ्या एकाच गोष्टींत. म्हणून कोणी तरुण आपल्या घरीं येऊन सुटींतल्या कमाईचे मोठे आंकडे सांगूं लागला, तर त्या आंकड्यांकडे पाहण्यापूर्वी मुलाच्या आईवडिलांनीं शांतपणें विचारावें : माल खपला नाहीं तर तो कोणाचा? आजारी पडला तर खर्च कोणाचा? आणि आमचा मुलगा आला, तर त्यांत तुमचा वांटा किती? सरळ व्यवहार करणाऱ्यास या तीन प्रश्नांचीं उत्तरें देण्यास संकोच वाटण्याचें कारण नाहीं.