सातासमुद्रापलीकडे दिलेली लेक



स्मरणिकेसाठी तुम्हीही चार ओळी लिहा, असा चिटणीसबाईंनी लकडा लावला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. सातवी शिकलेल्या बाईने इतिहासावर काय लिहायचे? पण गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीने एका नॉर्वेच्या बाईच्या पत्रांचे इंग्रजी पुस्तक वाचून मला मराठीत समजावून सांगितले. दुपारी डाळ-तांदूळ निवडता निवडता ऐकले, आणि ती बाई मनातून जाईना. तिचीच हकिगत सांगते.

नॉर्वे देशात हालिंगडाल नावाचे डोंगराळ खोरे आहे. तिथे १८४१ साली ग्रो जन्मली. त्या देशात पिकाखालची जमीन शंभरात जेमतेम तीन भाग, बाकी सगळे खडक, रान आणि बर्फ. शेत बहुधा थोरल्या मुलाकडे जायचे, धाकट्यांच्या वाट्याला दुसऱ्याच्या शेतावर राबणे. त्यामुळे १८२५ पासून पुढच्या शंभर वर्षांत तिथून सुमारे आठ लाख माणसे अमेरिकेला गेली. ग्रोचे लग्न ओले स्वेन्डसेन याच्याशी झाले आणि १८६२ साली तीही नवऱ्याबरोबर जहाजात बसली. वय अवघे एकवीस!

त्याच साली अमेरिकेच्या सरकारने कायदा केला की, नव्या मुलखात १६० एकर जमीन घ्या, पाच वर्षे तिथे राहून ती कसा, घर बांधा, म्हणजे थोडक्या फीमध्ये ती तुमची होईल. चार गुंठ्यांसाठी भाऊ-भाऊ कोर्टात जातात ते पाहणाऱ्या आपल्याला १६० एकर ऐकूनच चक्कर येते. ग्रो आणि ओले १८६३ साली आयोवा प्रांतात एस्टरव्हिल गावाजवळ येऊन राहिले.

मी भाचीला मध्येच विचारले, "अगं, पण तिथे आधी कोण राहत होते?" कारण जमीन कधी बेवारशी नसते. तिने सांगितले की हा डाकोटा लोकांचा मुलूख. १८५१ च्या करारांनी सरकारने तो त्यांच्याकडून काढून घेतला. कबूल केलेले पैसे आणि धान्य वेळेवर मिळेना, लोक उपाशी मरू लागले, म्हणून १८६२ साली शेजारच्या मिनेसोटात ते लढायला उठले. त्या डिसेंबरात त्यांच्यातल्या अडतीस जणांना एकाच दिवशी फासावर चढवले. आणि पुढच्याच वर्षी ही नवी जोडपी त्या भागात बैल जुंपतात! ग्रोचा यात दोष म्हणावा असे मला वाटत नाही, पण ही गोष्ट सोडून तिची कहाणी सांगणेही मला बरे वाटेना.

आता तिच्या संसाराकडे येते. मला सगळ्यांत आवडले ते तिचे दूध-दुभत्याविषयीचे पत्र. माहेरच्या थंड हवेत दूध दिवसच्या दिवस टिकायचे. इथे दूध टिकत नाही असे लोक म्हणत, ते आधी तिला खरेच वाटत नव्हते. उन्हाळा आला आणि कळले. माश्या आणि किडे इतके की उन्हाळ्यात चीज करायची सोयच नाही. लोण्यात अळ्या पडायच्या, म्हणून ते मिठाच्या पाण्यात ठेवायचे. मांसही मिठात पुरायचे. आईने शिकवलेले हातचे कसब इथे कामाला येत नाही, सारे पहिल्यापासून शिकायचे. सासरची चूल वेगळी असते हे आपणही जाणतो, पण हिला तर हवाच वेगळी मिळाली.

शिवाय साप होते, गडगडाटी वादळे होती. शरद ऋतूत माणसाच्या उंचीचे वाळलेले गवत पेट घ्यायचे आणि क्षितिजापर्यंत आगीचा समुद्र दिसायचा. घराभोवती नांगराने पट्टा फिरवून माती उघडी करायची, म्हणजे आग तिथे थबकते. आपल्याकडे डोंगराला वणवा लागतो तेव्हा जाळपट्टा काढतात, तसेच ते.

१८६४ साली यादवी युद्धासाठी ओलेला सैन्यात ओढून नेले. मागे ग्रो, पदरी लहानगे, भोवती ओसाड माळ. युद्ध संपले आणि १८६५ साली तो सुखरूप परतला. पुढे १८७३ पासून चार-पाच वर्षे टोळधाड. उभे पीक बघता बघता फस्त व्हायचे. गंमत अशी की आभाळ झाकून टाकणारी ती टोळांची जात पुढे पार नाहीशी झाली. १९०२ नंतर त्यांतला एकही जिवंत सापडला नाही.

हे सगळे ती आईवडिलांना लिहीत राहिली. पत्र जायला कित्येक आठवडे, उत्तर यायला तितकेच. मुलांच्या खोड्या, पिकाचा भाव, कोण आजारी, सारे त्यात. माहेरी मात्र ती परत कधीच गेली नाही. १८७८ साली दहाव्या बाळंतपणात ती गेली. वय सदतीसच्या आसपास, म्हणजे माझ्याहून लहान.

पत्रे माहेरच्यांनी जपून ठेवली होती, म्हणून १९५० साली ती इंग्रजीत छापली गेली. अमेरिकेत राहिलेला तिचा वंश आता तिला आपली मूळ आजी म्हणत असेल.

माझे माहेर एस.टी.ने चार तासांवर. पुस्तक ऐकून संपले त्या संध्याकाळी मी आईला फोन लावला. "काय गं, अवेळी कसा फोन केलास?" तिने विचारले. मी म्हटले, "काही नाही, सहज."