खाजगी निवाडा, कौटुंबिक तंट्यांतील

नवरा-बायको व नातेवाईक यांचे वाद न्यायालयाऐवजी दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या व्यक्तीकडून किंवा मंडळाकडून सोडवून घेण्याची पद्धत. कॅलिफोर्नियात पक्षकार पैसे मोजून निवृत्त न्यायाधीश नेमतात. भारतात वैवाहिक वाद लवादाकडे नेता येत नाहीत, हे बूझ ॲलन खटल्यात (2011) सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले. त्याही आधी, 1876 मध्ये, संभू रघू खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने लग्न मोडून बाईला पुन्हा लग्नाची मुभा देण्याचा जातीचा अधिकार अमान्य केला होता. रूढीने चालत आलेली काडीमोड मात्र हिंदू विवाह कायद्याने (1955) राखून ठेवली आहे.

निवाडा नाही, पण तडजोड गावातच होते. महाराष्ट्र शासनाने 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. मोहिमेसाठीच्या गाव समितीचा अध्यक्ष ग्रामसभा निवडते, पोलीस पाटील निमंत्रक असतो. आंबागड (ता. तुमसर, जि. भंडारा) यासारख्या गावात समितीपुढे बसणाऱ्या सुनेला समोरचे चेहरे ओळखीचे असतात: कुणी सासऱ्याच्या भावकीतला, कुणी दिराचा सोयरा. घरची खडान्खडा माहिती असल्यानेच ही माणसे समेट घडवू शकतात, आणि नेमके त्यामुळेच त्यांना तटस्थ म्हणणे कठीण जाते. त्यात मिटवलेल्या तंट्यांवर गावाला गुण आणि गुणांवर बक्षीस, म्हणजे 'मिटले' असा शेरा नोंदवहीत पडण्यात समितीचाही स्वार्थ आला. या हितसंबंधाची चर्चा फारशी होत नाही.

गुप्ततेची स्थितीही तशीच. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 22 नुसार सुनावणी बंद दाराआड चालते व परवानगीशिवाय तिचा वृत्तांत छापल्यास दंड होतो. चावडीतल्या बैठकीला असे दार नाही. मारहाणीची किंवा मूल न होण्याची गोष्ट संध्याकाळपर्यंत पारावर पोचते. म्हणून न्यायालयाला बुजणारी बाई तिथे बोलेल, हा समज अपुरा वाटतो.

मध्यस्थी कायदा, 2023 मध्ये मध्यस्थाने आपले हितसंबंध आधी उघड करावेत आणि बोलणी गुप्त ठेवावीत, अशा तरतुदी आहेत. वस्तीतील कुटुंबांमध्ये शांततेला बाधा आणणाऱ्या तंट्यांसाठी तीन मध्यस्थांच्या सामुदायिक मध्यस्थीचीही सोय त्यात आहे. मात्र अशा मध्यस्थीतला करार न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येत नाही. ठरलेली पोटगी थकली, तर बाईला दाद न्यायालयातच मागावी लागते.