तंजावरचें सांबार : एक दंतकथा आणि शब्दाचे पाठभेद

१

सरस्वती महालांतील पोथ्या व मोडी कागद पाहण्यासाठीं तंजावरास जाणाऱ्या महाराष्ट्रीय अभ्यासकास पानावर बसतांच एक कथा हटकून ऐकावयास मिळते. ती अशी : छत्रपति संभाजी महाराज तंजावरास आपले चुलत बंधु शहाजीराजे यांचेकडे पाहुणे म्हणून गेले. शहाजीराजे स्वतः पाककलेचे शौकीन. पाहुण्यास प्रिय अशी आमटी करण्याचा त्यांचा बेत होता. परंतु महाराष्ट्रांतून येणारीं आमसुलें त्या दिवशीं संपलेलीं. कोणी सुचविलें कीं, इकडे आंबटासाठीं चिंच वापरतात, ती घालून पाहावी. तुरीच्या डाळीच्या आमटींत चिंच पडली, पदार्थ अपूर्व झाला, आणि संभाजी महाराजांच्या सन्मानार्थ त्यास ‘सांबार’ हें नांव मिळालें.

कथा गोड आहे. कावेरीतीरच्या मराठी राज्याचें नांव आज दक्षिणेंतील प्रत्येक घरीं रोज उच्चारलें जातें, असा तिचा ध्वनि असल्यामुळें ती महाराष्ट्रीयांस विशेष रुचते, आणि म्हणूनच तिची पारख अधिक काटेकोरपणें झाली पाहिजे. आपल्यास प्रिय असलेल्या कथेस जो कस लावीत नाहीं, त्यास दुसऱ्याच्या कथेस कस लावण्याचा अधिकार उरत नाहीं.

२

प्रथम कालाचा विचार करूं. व्यंकोजीराजांनीं तंजावर घेतलें तें इ. स. १६७५-७६ च्या सुमारास. त्यांचे पुत्र शहाजीराजे यांची कारकीर्द इ. स. १६८४ पासून १७१२ पर्यंत. संभाजी महाराजांचा वध ११ मार्च १६८९ रोजीं झाला. म्हणजे शहाजी गादीवर आणि संभाजी हयात, असा काल उणापुरा पांच वर्षांचा होतो. शहाजीचा जन्म इ. स. १६७२ चा, तेव्हां यजमान राज्यावर बसला त्या वेळीं अवघा बारा वर्षांचा, व पाहुण्याच्या अंताच्या वेळीं सतरा वर्षांच्या आगेंमागें होता.

आतां या पांच वर्षांत पाहुणा कोठें होता तें पाहावें. इ. स. १६८५ च्या वसंतांत विजापुरास मोंगलांचा वेढा पडला व पुढील वर्षीं तें पडलें. इ. स. १६८७ च्या सप्टेंबरांत गोवळकोंडें गेलें. त्याच वर्षाच्या अखेरीस वाईजवळ सेनापति हंबीरराव मोहिते पडले, आणि फेब्रुवारी १६८९ मध्यें संगमेश्वरीं खुद्द महाराज शत्रूच्या हातीं सांपडले. या धामधुमींत कर्नाटकचा कारभार महाराजांचे मेहुणे हरजीराजे महाडीक जिंजीस राहून पाहत होते. स्वराज्याच्या गळ्याशीं तलवार आली असतां छत्रपतींनीं कावेरीपर्यंत जाऊन आमटी चाखावी, हें संभवनीय वाटत नाहीं. दक्षिणेंतील एखादी स्वारी त्यापूर्वींची मानली, तरी तेव्हां तंजावरास व्यंकोजीचेंच राज्य होतें, आणि मग कथेंतील यजमानच नाहींसा होतो.

दुसरा मुद्दा आमसुलाचा. आमसूल हें कोंकणचें आंबट. देशावरील आमटींत चिंच व गूळ पडतो, हें कोणाहि गृहिणीस विचारावें. भोसल्यांचें मूळ वास्तव्य वेरूळ, पुणें, सुपें या टापूंत. शहाजी महाराजांच्या पश्चात् व्यंकोजीचें बंगळुरास. अशा घराण्यांतील आचाऱ्यास चिंचेचा गुण परमुलखांत कोणी शिकवावा लागला, हें मानणें कठीण आहे. कथा रचणाऱ्यानें एका प्रांताची चाल सर्व महाराष्ट्राची समजून घेतली.

३

काल जुळत नाहीं आणि आंबटहि जुळत नाहीं. तथापि सर्वांत निर्णायक साक्ष शब्दाची आहे. संस्कृतांत ‘संभार’ म्हणजे जमविलेली सामग्री. यज्ञाचे संभार, अभिषेकाचे संभार असे प्रयोग सर्वपरिचित आहेत. स्वयंपाकघरांत या सामग्रीचा अर्थ आकुंचित होऊन मिरें, धने, जिरें, हिंग इत्यादि वेसवारापुरता राहिला. इ. स. १५३० च्या एका तमिळ शिलालेखांत देवाच्या नैवेद्याच्या सामग्रींत भाजी, तूप व दही यांच्या पंक्तीस ‘चंबारम्’ हा शब्द येतो, आणि तेथें त्याचा अर्थ मसाल्याचे जिन्नस असाच होतो. संभाजी महाराजांचा जन्म इ. स. १६५७ चा. तेव्हां हा शब्द तमिळ देशांत महाराजांच्या जन्मापूर्वीं १२७ वर्षें देवालयाच्या दगडावर बसला होता.

शिलालेख एका ठिकाणीं उभा असतो. शब्द मात्र प्रवास करितो. एखाद्या ग्रंथाच्या निरनिराळ्या प्रांतांतील प्रती जमवून पाठ लावावे, त्याप्रमाणें या शब्दाच्या ‘प्रती’ प्रवासांत पानोपानीं गोळा करतां येतात, आणि त्या चाखतां येतात हा अधिक लाभ.

पहिली प्रत वऱ्हाड-नागपुरची. तेथें बाजारांत ‘सांबार’ मागितला तर हिरवी कोथिंबीर मिळते. नागपुरची सांबारवडी, जिला कोणी पुडाची वडी म्हणतात, ती याच कोथिंबिरीची. बारीक चिरलेली कोथिंबीर, खोबरें, खसखस, तिखट व मसाला यांचें सारण पारींत भरून, घडी घालून तळतात आणि कढीशीं खातात. तींत डाळीचें वरण नाहीं कीं चिंचेचा रस्सा नाहीं. तरी नांव सांबारच.

दुसरी प्रत मुंबईच्या पाठारे प्रभूंची. त्यांच्या घरीं ‘परभी सांबार’ म्हणजे वर्षाचा करून ठेवलेला मसाला : मिरच्या, धने, हिंग यांजबरोबर गहूं व हरभऱ्याची डाळ भाजून कुटलेली. तो घालून मासळीचें कालवण करितात. येथें सांबार हें डबा भरून ठेवण्याचें द्रव्य आहे, ताटांत वाढण्याचा पदार्थ नव्हे.

तिसरी प्रत गुजराथची. तेथें लोणच्याच्या मसाल्यास, म्हणजे मोहरीची व मेथीची डाळ, तिखट, हिंग, मीठ यांच्या तेलांतील मिश्रणास, ‘संभार’ म्हणतात. आणि कोबी अथवा कच्ची पपई किसून, मोहरी-मिरचीची फोडणी देऊन अर्धवट परतलेल्या तोंडीलावण्यास ‘संभारो’.

चौथी प्रत केरळची. भर उन्हांत मलबारांत वाटसरूस ‘संभारम्’ देतात, तें आलें, हिरवी मिरची, कढीलिंब व लहान कांदा ठेचून घातलेलें पातळ ताक होय.

पांचवी प्रत तमिळ देशची, तुरीची डाळ व चिंच यांची, जगप्रसिद्ध.

या पांच प्रतींत समान अंश कोणता? तुरीची डाळ नव्हे, ती एकींतच आहे. चिंचहि नव्हे. समान अंश एकच : वेसवार, चुरचुरीत चवीची सामग्री. म्हणून मूळ पाठ ‘संभार = मसाला’ हाच ठरतो. त्यापासून कोठें मसाल्यांतील एकाच जिनसेस, कोठें मसाल्याच्या कुटीस, कोठें मसालेदार ताकास व कोठें मसालेदार डाळीस तेंच नांव पडलें. पांच प्रांतांतील लोकांनीं एका तंजावरच्या मेजवानीवरून ताकास, कोथिंबिरीस व लोणच्याच्या मसाल्यास एकच नांव दिलें, असें म्हणणें म्हणजे उपनद्यांनीं उगमाकडे वाहावें असें म्हणण्यासारखें आहे.

४

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. नांव जुनें ठरलें म्हणजे आजचा पदार्थहि तितकाच जुना ठरतो, असें नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर, तिसरा, यानें शके १०५१ (इ. स. ११२९) मध्यें रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांतील अन्नभोगप्रकरणांत ‘इडरिका’ व ‘धोसक’ हीं नांवें आलीं आहेत. तेवढ्यावरून आजची इडली त्या राजाच्या ताटांत होती असें लिहिणारे लेखक आढळतात. परंतु सोमेश्वराची इडरिका उडदाच्या पिठाची. तिला मिरें, जिरें व हिंग यांचा वास दिलेला. तींत तांदूळ नाहीं. नांव टिकलें, पदार्थ पालटला. मिरचीचें उदाहरण तर याहून बोलकें. ही वनस्पति पोर्तुगीजांच्या आगमनानंतर अमेरिकेंतून आली, आणि तिनें नांव मात्र आपल्या जुन्या मिऱ्यापासून घेतलें. सारांश, खाद्याच्या इतिहासांत नांवाची साक्ष आणि द्रव्याची साक्ष या दोन निरनिराळ्या साक्षी आहेत, व त्या स्वतंत्रपणें तपासल्या पाहिजेत. तंजावरच्या कथेंत या दोहोंची गल्लत झाली.

५

मग तंजावरच्या स्वयंपाकघरांत मराठ्यांची खूण कांहींच नाहीं काय? आहे, परंतु ती प्रसिद्ध वाटींत नसून बाजूच्या द्रोणांत आहे.

तंजावर भागांतील तमिळ घरांत ‘डांगर पच्चडी’ नांवाचें एक तोंडीलावणें करितात. उडदाचें पीठ दह्यांत कालवून, मीठ घालून, वर फोडणी द्यावयाची. आपल्याकडील डांगर तें हेंच : भाजलेल्या उडदाचें पीठ, ताक अथवा दही, कांदा व फोडणी. येथें नांव जुळतें, द्रव्य जुळतें, कृति जुळते आणि पानांतील जागाहि जुळते. चार साक्षीदार एकच सांगत असतां संशयास वाव राहत नाहीं.

‘रसवांगी’ हा दुसरा पदार्थ. वांगीं, डाळ, चिंच, आणि धने, हरभऱ्याची डाळ व खोबरें यांचें वाटण असा त्याचा घाट आहे. नांवाचीं दोन्ही पदें मराठी कानास ओळखीचीं आहेत, आणि पदार्थांत वांगें मुख्य आहे. तिसरा ‘पिट्लै’. हें नांव पिठल्याचें असावें. परंतु द्रव्य पालटलें आहे. त्यांत बेसन नाहीं. तुरीची डाळ, कारलें किंवा वांगें, चिंच, आणि भाजून वाटलेलें खोबरें. म्हणून डांगर हा पूर्ण पुरावा, रसवांगी बळकट पुरावा, आणि पिट्लै केवळ नांवाचा पुरावा, अशी प्रतवारी मी लावितों.

या देवघेवीस लागणारी परिस्थिति तंजावरास होतीच. इ. स. १६७३ पर्यंत तेथें तेलुगु नायकांचें राज्य होतें. मराठ्यांच्या दरबारांत संस्कृत, तेलुगु, तमिळ व मराठी या चारहि भाषा नांदत होत्या. व्यंकोजीची राणी दीपाबाई हिच्या आश्रयास असलेल्या, समर्थ रामदासांशीं स्नेह असलेल्या रघुनाथ नवहस्त याचा ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ याच काळचा. त्याच्या कालनिर्णयाचें श्रेय कै. प. कृ. गोडे यांस आहे. पुढें दुसऱ्या सरफोजीच्या (इ. स. १७९८ ते १८३२) नांवाशीं निगडित ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ सरस्वती महालानें प्रसिद्ध केलें. ज्या राजानें बृहदीश्वराच्या भिंतीवर इ. स. १८०३ मध्यें आपल्या वंशाचा इतिहास मराठींत कोरविला, त्याच्या मुदपाकखान्याचीहि लेखी आठवण राहावी हें योग्यच झालें.

६

एक प्रश्न शिल्लक राहतो : निराधार असतां कथा इतकी का रुजली? त्याचें उत्तर, माझ्या मतें, दोन्ही शाखांच्या खऱ्या इतिहासांत आहे. इ. स. १६७७ मध्यें शिवाजी महाराज व व्यंकोजी यांची तिरुमलवाडीस भेट झाली ती वडिलार्जित दौलतीच्या वांटणीसाठीं. ती फिसकटली; व्यंकोजी रात्रीं निघून गेला, आणि त्याच वर्षीं दोन भावांच्या फौजा वालगोंडपुरापाशीं एकमेकींवर चालून गेल्या. बापांच्या पिढींत जें ताट तुटलें, तें कथेनें मुलांच्या पिढींत एका पंक्तीस मांडलें. इतिहास म्हणून ती कथा टाकावी लागते. परंतु तंजावरच्या मराठी माणसाच्या मनांतील मूळ घराच्या ओढीचा लेख म्हणून ती जपण्याजोगी आहे. दोन्ही निकाल एकाच वेळीं खरे असूं शकतात.

संग्राहकांस अखेर एक विनंति आहे. जुन्या घरांतून दप्तरें उचलतांना सनदा, पत्रें व पोथ्या घेतल्या जातात, आणि स्वयंपाकघरांतील हस्तलिखित वह्या, मसाल्यांच्या मापांचे कागद व लग्नकार्यांच्या यादी रद्दींत जातात. वर डांगरानें जें सिद्ध केलें तें सनदेनें सिद्ध झालें नसतें. म्हणून प्रवासांत एखाद्या अपरिचित चवीची गांठ पडल्यास पोथीच्या पुष्पिकेप्रमाणें चार गोष्टी टिपून घ्याव्या : पदार्थाचें नांव करणाऱ्याच्याच उच्चारांत, आंबट कशाचें, पीठ अथवा डाळ कोणती, आणि तो कोणत्या दिवशीं व पानाच्या कोणत्या बाजूस वाढतात. तंजावरच्या ज्या घरांत अद्याप मराठी बोलतात, तेथें ही नोंद आधीं व्हावी. भाषा गेल्यावरहि चव कांहीं काळ राहते. पण मग तिचें नांव सांगणारें कोणी राहत नाहीं.