एकट्याने छायाचित्रण करताना कॅमेऱ्याची बॅग कशी निवडावी?

छायाचित्रकारासोबत कुणी असेल, तर सामानाची काळजी दोघांत वाटली जाते. एक जण लेन्स बदलत असताना दुसरा बॅगेवर लक्ष ठेवतो. एकट्याने हिंडणाऱ्याला ही सोय नसते. त्याचे हात आणि डोळे कॅमेऱ्यात गुंतले की त्याची बॅग बेवारस होते. त्यामुळे किती सामान मावते, याआधी एक प्रश्न विचारायला हवा : ही बॅग दिवसभर अंगावरून न उतरवता काम करता येईल का?

भोपाळचे उदाहरण

वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस भोपाळमार्गे दिल्लीला जाते. त्यामुळे भोपाळ हे गोमंतकीय हौशी छायाचित्रकारांना थेट गाठता येण्याजोगे शहर आहे. तेथील मोठा आणि छोटा तलाव मिळून ‘भोज पाणथळ’ म्हणून 2002 पासून रामसर यादीत आहेत. मोठ्या तलावाच्या काठावर वन विहार राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे पायी किंवा सायकलने फिरता येते. शहराच्या ईशान्येस सुमारे 50 किलोमीटरवर सांचीचे स्तूप, तर दक्षिणेस सुमारे 45 किलोमीटरवर भीमबेटकाची शैलाश्रये आहेत. जागतिक वारसा यादीत सांचीचा समावेश 1989 मध्ये, तर भीमबेटकाचा 2003 मध्ये झाला. भीमबेटकाची चित्रे 1957 मध्ये अभ्यासकांच्या नजरेस आणून दिली ती विष्णु श्रीधर वाकणकर या मराठी पुरातत्त्वज्ञांनी.

या तिन्ही ठिकाणांच्या गरजा वेगळ्या आहेत. तलावावरील पक्ष्यांसाठी लांब पल्ल्याची लेन्स लागते. सांचीची तोरणे आणि त्यांवरील कोरीवकाम यांसाठी एकच मध्यम झूम पुरते. भीमबेटकाच्या कमी उजेडात मोठ्या छिद्राची रुंद कोनाची लेन्स उपयोगी पडते. तिन्ही दिवसांचे सामान एकाच दिवशी पाठीवर घेण्याची मात्र गरज नसते. संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड वापरण्यासाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. ती काढलेली नसेल, तर ट्रायपॉडचे दीड-दोन किलो वजन मुक्कामावरच ठेवावे.

वजनाचा हिशेब

फुल फ्रेम कॅमेऱ्याचे वजन साधारण 700 ग्रॅम, मध्यम झूमचे 700 ते 900 ग्रॅम आणि पक्ष्यांसाठीच्या 100-400 लेन्सचे सुमारे दीड किलो असते. पाण्याची बाटली, बॅटऱ्या आणि रिकाम्या बॅगेचे वजन मिळवले की आकडा पाच किलोंच्या आसपास जातो. सकाळी हलके वाटणारे हे ओझे दुपारी खांद्यात भरते. मग थकलेला माणूस बॅग कट्ट्यावर ठेवतो आणि पुढे सरकतो. सामान हरवते किंवा चोरीला जाते ते बहुधा अशा वेळी.

कोणता प्रकार कशासाठी?

एका खांद्यावरची बॅग पटकन उघडते आणि उभ्यानेच लेन्स बदलता येते. पण सारा भार एकाच बाजूला येतो. दोन-तीन तासांच्या बाजारफेरीसाठी ती ठीक.

छातीवरून तिरकी घेतली जाणारी स्लिंग बॅग पाठीवरून पुढे ओढता येते. मग तिचाच टेबलासारखा उपयोग होतो. एक कॅमेरा आणि दोन लहान लेन्स एवढ्या सामानासाठी एकट्या माणसाला ती सर्वांत सोयीची आहे. सांची आणि भीमबेटकासाठी ती पुरेशी ठरते.

लांब लेन्स असेल तर सॅकला पर्याय नाही. ती निवडताना रुंद कंबरपट्टा पाहावा, कारण त्यामुळे भार खांद्यांवरून कंबरेवर उतरतो. मुख्य चेन पाठीला टेकणाऱ्या बाजूस असावी. गर्दीत मागचा माणूस ती उघडू शकत नाही. कंबरपट्टा बांधलेला ठेवून काही सॅक पुढे फिरवता येतात. अशी सॅक एकट्याला विशेष उपयोगी. बाजूने उघडणारा कप्पा असेल, तर कॅमेरा काढण्यासाठी पूर्ण सॅक उतरवावी लागत नाही.

ठळक अक्षरांत कंपनीचे नाव असलेली बॅग आत काय आहे हे दुरूनच सांगते. साध्या सॅकमध्ये गादीचे कप्पे असलेला वेगळा डबा घालून घेणे स्वस्तही पडते आणि नजरेतही येत नाही.

प्रवास आणि हवामान

विमानाने जाताना सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात ठेवता येत नाहीत. त्या हातातील बॅगेतच हव्यात. देशांतर्गत उड्डाणांत हातातील सामानाची मर्यादा बहुधा 7 किलो असते. रेल्वेत रात्री बॅग बाकाखाली ठेवण्यापेक्षा तिचा पट्टा हातात अडकवून ती उशाशी घ्यावी. वातानुकूलित डब्यातून दमट हवेत उतरल्यावर अर्धा तास बॅग उघडू नये, नाहीतर लेन्सवर दव धरते.

पावसाळ्यासाठी वेगळे आवरण सोबत असावे, कारण पाणी कापडापेक्षा चेनमधून आधी शिरते. गोव्यात परतल्यावर कॅमेरा बॅगेतच राहू देणे मात्र महागात पडते. बॅगेचा फोम ओल धरून ठेवतो आणि लेन्सवर बुरशी चढते. कॅमेरा सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावा आणि बॅग उघडी करून वाळवावी.

खरेदीपूर्वी

दुकानात जाताना स्वतःचे सामान सोबत न्यावे. ते बॅगेत भरून दोन जिने चढून उतरावे. मग बॅग जमिनीला न टेकवता लेन्स बदलून पाहावी. शेवटी तीच बॅग घेऊन अरुंद स्वच्छतागृहात शिरता येते का, याचा अंदाज घ्यावा. कारण तेथेही ती सांभाळायला बाहेर कुणी उभे नसते. या तिन्ही परीक्षांत उतरणारी बॅग थोडी लहान वाटली तरी तीच घ्यावी आणि न मावणारी लेन्स घरी ठेवावी.