बुचाचे जाकीट आणि कायद्याचा कागद

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह डोळ्यांपुढे उभे राहतात. आम्ही कामकऱ्यांच्या संघटनेत वावरणारी माणसे. आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापुढे, रात्रीच्या फावल्या वेळात झाले. त्यामुळे आम्हांला जवळच्या वाटणाऱ्या वस्तू निराळ्या आहेत. यंत्राच्या पट्ट्यापुढचे कुंपण, खाणीतला जाळीचा दिवा, आणि आज ज्याविषयी बोलावयाचे ते होडीवरचे जीवरक्षक जाकीट. बंदरावर त्याला सर्वजण लाइफ जॅकेट म्हणतात. वस्तू साधी आहे. पण ती खलाशाच्या अंगावर चढण्यास दीडशे वर्षांहून अधिक काळ का लागला, आणि अजूनही ती अनेकांच्या अंगावर का नसते, हा प्रश्न साधा नाही.

आधी वस्तूचे मर्म पाहू. माणसाचे शरीर पाण्याहून फारसे जड नसते. शांत पाण्यात त्याचे तोंड वर राहावे यासाठी चारपाच किलो वजन पेलण्याइतका आधार मिळाला तरी पुष्कळ होतो. हे आपल्याकडे कोणी पुस्तकातून शिकले नाही. पाठीला वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधून मुलांना विहिरीत सोडण्याची रीत खेडोपाडी होती, आणि भोपळ्यांची सांगड करून लोक नदी ओलांडत. तेव्हा तरंगण्याची युक्ती जुनीच. जे नवे घडले ते निराळे: ही युक्ती प्रत्येक खलाशाला मिळालीच पाहिजे, ती खोटी असता कामा नये, आणि संकट येण्यापूर्वीच ती अंगावर असली पाहिजे, या तीन गोष्टी जगाला शिकाव्या लागल्या. प्रत्येक धड्याची फी माणसांच्या प्राणांनी भरली गेली.

पहिला धडा इंग्लंडच्या किनाऱ्यावरचा. १८५४ साली तेथील जीवरक्षक नौकांच्या संस्थेचे निरीक्षक कॅप्टन वॉर्ड यांनी कॅनव्हासवर बुचाचे तुकडे शिवून एक जाकीट तयार केले. ते अवजड होते, पण त्यात वल्हे मारता येत असे. १८६१ च्या ९ फेब्रुवारीस व्हिटबी या मासेमारीच्या गावी मोठे वादळ झाले. किनाऱ्याशी एकामागून एक जहाजे फुटत होती आणि गावची जीवरक्षक नौका पुनःपुन्हा समुद्रात जाऊन माणसे काढीत होती. अखेरच्या खेपेस नौकाच उलटली. तेरा जणांपैकी बारा गेले. वाचला तो हेन्री फ्रीमन. नव्या तऱ्हेचे बुचाचे जाकीट त्या दिवशी त्याच्या एकट्याच्या अंगावर होते. शंभर व्याख्यानांनी जे झाले नसते ते या एका माणसाच्या वाचण्याने झाले. त्यानंतर बुचाच्या जाकिटाविषयी वाद घालणे कोणास जड जाऊ लागले.

दुसरा धडा अमेरिकेतला, आणि तो आम्हां कामगार कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात ठेवण्याजोगा आहे. उतारूंच्या आगबोटींवर प्रत्येक माणसामागे तरंगण्याचे साधन असावे असा कायदा तेथे १८५२ सालीच झाला होता. म्हणजे कागद तयार होता. १९०४ च्या १५ जूनला न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हर नदीत ‘जनरल स्लोकम’ ही आगबोट पेटली. तीत जर्मन वस्तीतील बायका आणि मुले सहलीस निघाली होती. बोटीवर जाकिटे भरपूर होती. पण ती तेरा वर्षे टांगून राहिलेली, आतले बूच कुजून भुगा झालेले. आयांनी आपल्या हातांनी ती मुलांना बांधली, मुलांना पाण्यात सोडले, आणि मुले बुडाली. हजाराहून अधिक माणसे त्या दिवशी मेली. जेमतेम सव्वा महिन्यापूर्वी सरकारी निरीक्षकाने बोट तपासून ठीक असल्याचा दाखला दिला होता.

पुढे याहून लाजिरवाणी गोष्ट उघडकीस आली. एका जाकिटात सहा पौंड चांगले बूच असले पाहिजे असा नियम होता. चौकशीच्या काळात एका कारखान्याच्या नव्या मालात बुचाच्या ठोकळ्यांमध्ये लोखंडाच्या कांबी घातलेल्या सापडल्या. हेतू एवढाच, की हलके, स्वस्त बूच घालूनही काट्यावर वजन पुरे भरावे! बुडणाऱ्याला वर धरण्यासाठी केलेल्या वस्तूत लोखंड. नियमाचे अक्षर पाळून नियमाचा प्राण कसा घ्यावा, याचे याहून ढळढळीत उदाहरण आमच्या वाचनात नाही. शिक्षा मात्र झाली ती बोटीच्या कप्तानाला.

तिसरा धडा ‘टायटॅनिक’चा. १९१२ च्या एप्रिलात ती बुडाली तेव्हा जाकिटे सर्वांना पुरतील इतकी होती. होड्या मात्र निम्म्याहून थोड्याच अधिक माणसांना पुरणाऱ्या होत्या. सुमारे पंधराशे माणसे गेली, आणि त्यांतील पुष्कळजण जाकीट घालून तरंगत असताना गोठणाऱ्या पाण्यातील थंडीने मेले. जाकीट माणसाला वेळ मिळवून देते. त्या वेळात त्याला वर काढणारे कोणी नसेल तर तो वेळ संपतो. या दुर्घटनेनंतर १९१४ साली समुद्रावरील जीविताच्या सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला.

यानंतर बुचाच्या जागी कापोक आला. हा आपल्या सावरीच्या जातभाईचा कापूस. तो फार हलका, पण तेलाने भिजला किंवा दाबून बसला की निकामी. पुढे हवेने फुगणारी जाकिटे निघाली. दुसऱ्या महायुद्धात आणखी एक गोष्ट लक्षात आली: तरंगणारा माणूस बेशुद्ध असेल तर त्याचे तोंड पाण्यात राहते आणि जाकीट असूनही तो बुडतो. याचा शोध घेण्यासाठी ब्रिटनमध्ये एडगर पास्क नावाच्या डॉक्टराने स्वतःस भूल देवविली आणि बेशुद्ध स्थितीत, निरनिराळी जाकिटे घालून, स्वतःला तलावात टाकून घेतले. कोणते जाकीट तोंड वर ठेवते ते सहकाऱ्यांनी टिपून घेतले. आज चांगले जाकीट माणसाला उताणे करते व मानेखाली आधार देते, त्यामागे अशा माणसांचे धाडस आहे. याचे नाव फ्रीमनच्या शेजारी घ्यावे असे आम्हांला वाटते.

आता मासेमारीकडे वळू. मोठ्या जहाजांसाठी करार झाले, उतारूंसाठी नियम झाले. लहान होडीतला मच्छीमार मात्र फार काळ मागे राहिला. तो वाकून जाळे ओढतो, ओल्या फळीवर उभा राहतो, पायाशी दोर सरकत असतात, आणि पुष्कळदा रात्र असते. होडी बुडावीच लागत नाही. एक हेलकावा पुरतो. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००७ साली मासेमारीतील कामाविषयी १८८ वा करार मंजूर केला आणि तो २०१७ च्या नोव्हेंबरात अमलात आला. खलाशाच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्याने बोटीचा मालक आणि तांडेल यांच्यावर ठेवली. ब्रिटनमध्ये २०१८ च्या अखेरीस नियम झाला, की पाण्यात पडण्याचा धोका दुसऱ्या उपायांनी दूर केल्याचे दाखविता येत नसेल तर उघड्या डेकवर जाकीट अंगात असलेच पाहिजे. नुसते बोटीत ठेवून भागणार नाही. व्हिटबीपासून येथवर यावयास दीडशे वर्षे लागली.

आपल्या किनाऱ्यावरची पानेही याच इतिहासातली आहेत. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्य महिन्यावर आले असताना कोकणातल्या कित्येक घरांत त्या दिवशी अंधार पडला. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ जण होते. कित्येकजण जाकिटांच्या आधारे खवळलेल्या समुद्रात तासन्‌तास तरंगले आणि नौदलाने त्यांना वर काढले. तरी सत्तराहून अधिक गेले. वादळाची सूचना आधीच मिळालेली होती. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीस जाणाऱ्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळून पंधरा जण मेले, आणि त्यानंतर तेथील प्रवाशांना जाकीट घालणे सक्तीचे झाले. क्रम तोच: आधी प्रेते, मग नियम.

आमच्या खलाशी बांधवांचे म्हणणे आम्ही ऐकले आहे. जाकिटात उकडते, जाळ्यात बंद अडकतात, हात मोकळे राहत नाहीत. ही कुरकूर खोटी नाही, आणि तिला आळस म्हणणाऱ्याने एकदा दुपारच्या उन्हात जाळे ओढून पाहावे. पण तिचे उत्तर जाकीट टाळण्यात नसून कामाला सोयीचे जाकीट मिळविण्यात आहे. पातळ, फुगणारी जाकिटे आहेत. त्यांना पैसे अधिक पडतात. ते मालकाने द्यावेत, कारण बोट त्याची आणि नफाही त्याचा. आणि मिळालेले जाकीट खलाशाने घालावे, कारण जीव त्याचा. मागणी करणे हे संघटनेचे अर्धे काम आहे. मिळालेले वापरात आणणे हे उरलेले अर्धे.

घेताना काय पाहावे हे थोडक्यात सांगतो. मान्यतेचा शिक्का आणि तयार केल्याची तारीख आधी पाहावी. त्यानंतर न्यूटनचा आकडा. दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा आधार. पन्नासचे जाकीट पोहणाऱ्यासाठी आणि मदत जवळ असताना. शंभरचे आडोशाच्या पाण्यात. उघड्या समुद्रावर दीडशेचे हवे, आणि जाड कपडे व हत्यारे अंगावर असतील तर पावणेतीनशेचे. मुलांना मोठ्यांचे जाकीट देऊ नये. ते त्यांच्या वजनाप्रमाणे निवडावे.

घालताना ते रेनकोटाच्या वर घालावे, आत नव्हे. सर्व बंद लावावेत आणि मांड्यांमधून घ्यावयाचा पट्टा विसरू नये. तो नसेल तर पाण्यात जाकीट वर सरकते आणि माणूस खाली. सोबत्याने खांदे धरून जाकीट वर ओढून पाहावे. कानापर्यंत आले तर ते सैल आहे. फुगणाऱ्या जाकिटात वायूची नळी घट्ट बसली आहे आणि वापरलेली नाही, हे दर खेपेस तपासावे. केबिनमध्ये असताना ते फुगवू नये. वर छताला अडकून बाहेर पडणे अशक्य होईल. आणि जाकिटाची उशी करू नये, टोपल्यांखाली दाबू नये. गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. स्लोकमवरील जाकिटे एका दिवसात कुजली नव्हती.

नारळी पौर्णिमेला आपण दर्याला नारळ वाहतो. त्या श्रद्धेला आमचा नमस्कार आहे. त्याच दिवशी मालक, तांडेल आणि खलाशी यांनी मिळून बोटीवरची जाकिटे बाहेर काढावी, डोकी मोजावी, जाकिटे मोजावी, एकेक अंगात घालून पाहावे, आणि जे कुजके निघेल ते तेथेच फाडून टाकावे, म्हणजे कोणी ते पुन्हा खुंटीला टांगणार नाही. तासाभराचे काम आहे. ते करून बोट पाण्यात लोटावी.