देवदाराच्या छायेतील जामा मशीद

विद्यार्थी मित्रांनो, इस्लामी वास्तुकला म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ताजमहालाचा संगमरवर आणि विजापूरचा गोलघुमट उभा राहतो. परंतु काश्मीरच्या मुसलमान कारागिरांनी लाकडातून जे उभे केले, त्याची ओळख आपल्यापैकी फार थोड्यांना आहे.

सुलतान सिकंदराने इ. स. १३९४ मध्ये श्रीनगरच्या जामा मशिदीचे काम सुरू केले. ते १४०२ मध्ये पूर्ण झाले. या मशिदीत देवदाराचे ३७८ खांब आहेत. १४७९, १६२० व १६७४ अशी तीन वेळा ती आगीत सापडली. औरंगजेबाच्या काळात तिची पुन्हा उभारणी झाली आणि तेव्हाही खांब देवदाराचेच घातले गेले.

लाकूड इतक्या वेळा जळाले, तरी माणसांनी ते का सोडले नाही? एक तर देवदार जवळच्या जंगलात मिळे आणि तो सहसा कुजत नाही. दुसरे म्हणजे लाकूड उष्णता सावकाश वाहून नेते. म्हणून बर्फाच्या दिवसांतही त्याचा स्पर्श दगडासारखा बोचत नाही. तिसरे कारण सर्वांत मोठे. काश्मीर हा भूकंपाचा मुलूख आहे. तेथील ‘धज्जी दिवारी’ पद्धतीत लाकडी चौकटीचे लहान लहान खण करून त्यांत विटा किंवा दगड-माती भरतात. धक्का बसला की भिंत थोडी हलते. पण एकदम कोसळत नाही. ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपात अशा अनेक घरांनी माणसे वाचवली. पुढे नियंत्रणरेषेपलीकडील पुनर्बांधणीत या जुन्या पद्धतीला सरकारी मान्यताही मिळाली. ज्या घरात रात्री निर्धास्त झोप लागते, तेच आरोग्याचे घर, नाही का?

मात्र लाकडाला राखण लागते. श्रीनगरचा दस्तगीर साहिब दर्गा २०१२ मध्ये जळाला. २०१७ मध्ये खानकाह-ए-मौलाच्या शिखराला आग लागली. त्याची पुढे दुरुस्ती झाली.

पालक बंधु-भगिनींनो, आपल्या गावांतही जुन्या मशिदी व घरे सागवानी खांबांवर उभी आहेत. दुरुस्तीची वेळ आली की आपण प्रथम तेच खांब काढून विकतो. तसे करण्यापूर्वी जाणत्या सुताराला आणि इंजिनिअरला एकदा जरूर दाखवावे. वाळवी आणि विजेच्या जुन्या तारा यांवर नजर ठेवावी. बापजाद्यांनी जपलेले लाकूड आपल्या हातून निष्काळजीपणाने जाऊ नये, एवढीच विनंती.