अतिजोखमी एचपीव्ही संसर्ग व गर्भाशयमुखातील कर्कपूर्व बदल (चंद्रपूर–गडचिरोली)

ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या (एचपीव्ही) कर्करोगजनक प्रकारांचा संसर्ग मुरल्यामुळे गर्भाशयमुखाच्या पेशींत होणारे बदल. संसर्ग लैंगिक संबंधातून होतो. तो इतका सर्रास आढळतो की त्यावरून बाईच्या चारित्र्याला बोल लावणे हा निव्वळ अन्याय आहे. बहुतेकींमध्ये तो एकदोन वर्षांत आपोआप जातो. टिकला, तर कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षे लागतात. सुमारे ७० टक्के कर्करोगांमागे १६ व १८ हे प्रकार असतात.

गडचिरोलीत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने वसा आणि अमिर्झा या गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळला. पण त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. अभ्यास एचपीव्हीपुरता नव्हता. तरी हा दुसरा आकडा या विकाराच्या मुळाशी जातो. अंगावरून पांढरे जाणेही बाया मुकाट्याने सोसतात. कर्कपूर्व बदल तर दुखत नाहीत, रक्तही जात नाही. त्रास होईल तेव्हा बघू म्हणणारी बाई दवाखान्यात पोचते तोवर बहुधा कर्करोग झालेला असतो.

गावपातळीवरची साधी तपासणी अशी: गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल लावून मिनिटभर थांबतात. बदललेला भाग पांढरा दिसतो. तो गोठवून किंवा उष्णतेने जाळून काढता येतो. भूल देऊन मोठी शस्त्रक्रिया सहसा लागत नाही. एचपीव्ही चाचणी याहून खात्रीची. तिची ताकद महाराष्ट्रातच सिद्ध झाली. टाटा स्मारक केंद्र व बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय यांनी उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर केलेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाच चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

भामरागड, एटापल्ली, सिरोंचा, जिवती या तालुक्यांत मात्र अडचण वाटेची आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. दोष आढळल्यावर ‘पुढच्या महिन्यात नागपूरला या’ असे सांगणे म्हणजे मजुरी बुडवून येणाऱ्या बाईला उपचाराविना घरी धाडणे होय. म्हणून शक्य तिथे तपासणी आणि उपचार एकाच फेरीत व्हायला हवेत. एचपीव्ही चाचणीचा नमुना बाईला आडोशाला स्वतःच घेता येतो. संकोच असलेल्या गावांत हा मोठाच दिलासा आहे.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्वाव्हॅक’ या एचपीव्हीविरोधी लसीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. लस ९ ते १४ वयात सर्वांत उपयोगी. आधीचा संसर्ग ती बरा करत नाही. त्यामुळे मुलीला लस दिली तरी तिशी ओलांडलेल्या आईने, काही त्रास नसला तरी, आशाताईंना विचारून स्वतःची तपासणी करून घ्यावी.